रणभूमीवर डबा नको, प्रश्न हवा

गेटिसबर्ग (पेनसिल्व्हेनिया)

जिओकॅशिंगचा खेळ अमेरिकेतच जन्मला. मे २००० च्या सुरुवातीला इथल्या सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. लगोलग ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगनच्या रानात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. तेव्हापासून रीत ठरून गेली आहे. कुणी डबा लपवायचा, शोधणाऱ्याने आतल्या वहीत नाव लिहायचे आणि डबा होता तिथेच परत ठेवायचा. हा खेळ युद्धस्मारकांपाशी पोचला तेव्हा प्रश्न उभा राहिला की, जिथे माणसे पडली तिथे खेळ शोभतो का? माझ्या मते शोभतो, पण लपवलेला डबा स्मारकाच्या हद्दीबाहेर राहिला पाहिजे आणि शोध दगडावरच्या मजकुराचाच असला पाहिजे. हे म्हणण्याला गेटिसबर्गइतका चांगला आधार दुसरा नाही.

अमेरिकेच्या यादवी युद्धात १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत इथे दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५१ हजार सैनिक मारले गेले, जखमी झाले, बेपत्ता झाले किंवा कैद झाले. आज या मैदानावर १,३०० हून अधिक स्मारके आणि खुणेचे दगड आहेत. त्यांतली कित्येक वाचलेल्या सैनिकांनीच पुढे आपापल्या पलटणीसाठी उभारली. दगडावर पलटणीचे नाव, ती कुठे उभी होती आणि तिच्यातले किती मेले, किती जखमी झाले, किती सापडलेच नाहीत, हे कोरलेले असते. पलटणीची रांग कुठून कुठवर होती ते दाखवायला दोन्ही टोकांना बुटके दगड रोवलेले दिसतात. पण दगड इतके आहेत की, मोटारीतून फेरी मारणाऱ्याच्या वाचनात एकही येत नाही. ‘व्हर्च्युअल कॅश’ नेमकी इथे कामाला येते. तिच्यात डबा नसतो, प्रश्न असतो आणि उत्तर दगडावर असते. ते हवे तर गाडीतून उतरून दगडाशी जावे लागते, ओळ न ओळ वाचावी लागते.

डब्याला मनाई का, याची कारणे इथला कायदा सांगतो. राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय वस्तू ठेवून जाणे हा नियमभंग आहे आणि धातुशोधक यंत्र तर नुसते जवळ बाळगलेलेही चालत नाही. सरकारी जमिनीतले प्राचीन अवशेष उचलण्यावर १९७९ च्या कायद्याने बंदी आहे. गोळी मातीत कुठे सापडली यावरून कोणती रांग कुठे होती ते कळते. तीच गोळी कुणी खिशात घातली की पुरावा कायमचा गेला. डबा शोधणारा माणूस दगड उलटतो, माती उकरतो, म्हणून डब्याला दार बंद. वाचण्याला मात्र ते उघडेच. अमेरिकी कारभाराचा हा गुण घेण्यासारखा आहे. मनाई कशाला आहे आणि मुभा कशाला, याची इथे नीट फोड केलेली असते.

यावर पहिला आक्षेप असा की, हुतात्म्यांचे मरण गुणांच्या यादीत जाते. काहीजण केवळ आकडा वाढवायला येतात, हे खरे आहे. पण वाचलेल्यांनी ते दगड वाचले जावेत म्हणूनच उभारले. वर्षातून एकदा हार घालून निघून जाणाऱ्यापेक्षा सगळा लेख वाचणारा खेळाडू त्यांच्या हेतूच्या अधिक जवळ जातो. दफनभूमी मात्र वेगळी. उत्तरेच्या बाजूने लढलेल्या ३,५०० हून अधिक सैनिकांचे दफन झालेल्या इथल्या जागेत खेळ नको, असेच मी म्हणेन. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. ब्रिटनमधल्या वेदरबी गावात २०११ साली अशाच एका डब्याला बॉम्ब समजून तो स्फोट घडवून निकामी करण्यात आला. बेवारस वस्तूला हात लावू नका, हे आपण स्टेशनवर रोज ऐकतो. तेव्हा आपल्याकडे डब्याचा विचारच नको, प्रश्न पुरे.

हे सारे मी वर्धा जिल्ह्यातले तळेगाव (श्यामजी पंत) डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे. नागपूर-अमरावती महामार्गावरून रोज असंख्य गाड्या तळेगावातून जातात. शेजारच्या आष्टीत १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, ‘चले जाव’ आंदोलनात पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला. गोळीबारात आंदोलक हुतात्मा झाले, पोलिसांचेही प्राण गेले. म्हणूनच ‘शहिदांची आष्टी’ हे नाव. पण महामार्गावरच्या किती जणांना तिकडे वळावेसे वाटते? कुणी म्हणेल, आष्टी ही रणभूमी नव्हे आणि तिथल्या घरांत ती आठवण अजून जिवंत आहे. हे मान्य करूनच पुढे जायला हवे. हुतात्म्यांच्या कुटुंबीयांचा आणि स्मारकाची देखभाल करणाऱ्यांचा होकार आधी घ्यावा. तो नसेल तर विषय तिथेच संपवावा. होकार मिळाला, तर तळेगाव-आष्टीच्या शाळांतल्या मुलांनी शिक्षकांसोबत प्रश्न तयार करावेत. ‘किती मेले’ एवढ्यावर प्रश्न थांबू नये. ते कोण होते, कशासाठी निघाले होते, समोरच्या वर्दीतला माणूस कोण होता, हे विचारणारा प्रश्न हवा. असा प्रश्न घडवायला मुलांना आधी स्वतः सगळा इतिहास शोधावा लागेल, आणि या खेळाचा पहिला लाभ गावालाच होईल.