काळा दगड आणि शेकरूचे रान

निगडीत घराचा पाया खणावयास घेतला की थोड्याच वेळात पहारीला काळा दगड लागतो. मजूर कपाळाचा घाम पुसतो आणि मालकाच्या कपाळावर घाम येतो. या दगडाविषयी बरे बोलणारा माणूस विरळा. आज त्याच्याविषयी, आणि त्याच्यावर वाढलेल्या एका रानाविषयी दोन शब्द बोलावयाचे आहेत.

ज्वालामुखी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे धूर सोडणारा शंकू उभा राहतो. आपल्याकडे बहुतांशी तसे घडले नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, आणि त्यांतून लाव्हा पाकासारखा पसरत गेला. एक थर निवला की त्यावर दुसरा. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या थरांखाली आहे. बोरघाटातून जाताना कड्यांवर आडव्या पायऱ्या दिसतात ना, ते हे थर. शास्त्रज्ञांनी थरांच्या गटांना नावेही आपल्या ओळखीचीच दिली: नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा. गंमत अशी की, बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते त्या काळी आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस, आज जेथे रियुनियन बेट आहे त्या भागावरून सरकत होती. म्हणजे हा दगड जन्मला तो आफ्रिकेच्या शेजारी!

त्याच आफ्रिकेत, टांझानियात, न्गोरोंगोरो नावाचा प्रदेश आहे. एक प्रचंड ज्वालामुखी सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी आतल्या आत खचला आणि सुमारे २६० चौरस किलोमीटरची, ६०० मीटर खोल परात तयार झाली. तीत सिंह, हत्ती, गेंडे नांदतात. शेजारच्या मैदानांवर ज्वालामुखींची राख पडली. राखेतले क्षार पावसाने खाली उतरून त्यांचा कठीण पापुद्रा झाला. झाडाचे मूळ त्यात शिरत नाही, गवत मात्र शिरजोर होते. त्या गवतात पिलांच्या हाडांना लागणारी द्रव्ये भरपूर, म्हणून वाइल्डबीस्टचे लाखांचे कळप वीण्यासाठी तेथेच येतात.

आता भीमाशंकरला चला. निगडीहून चाकण, राजगुरुनगर करीत सकाळच्या सकाळी पोहोचता येते. येथला दगड न्गोरोंगोरोहून कितीतरी जुना. पावसाने झिजून त्याची तांबडी माती झाली, भेगांत पाणी मुरले, आणि वर सदाहरित झाडी उभी राहिली. तिकडे जीवसृष्टी गवतावर चालते. इकडे ती फांद्यांवरून. आपला राज्यप्राणी शेकरू, ही तांबूस झुपकेदार शेपटीची मोठी खार, जमिनीवर क्वचितच उतरतो. एकच शेकरू अनेक घरटी बांधतो, आणि एका उडीत सुमारे ६ मीटर अंतर कापतो. पण उडी कितीही लांब असली तरी पलीकडे फांदी हवी. झाडोऱ्यात रुंद खिंडार पडले की त्याला खाली उतरावे लागते, आणि खाली बिबट्या असतो, कुत्री असतात, मोटारी असतात. १९८५ साली सुमारे १३० चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. परंतु नकाशावरची रेघ शेकरूला फांदीच्या कामी येत नाही.

त्याच्याही आधी हे रान राखले ते देवराईने. देवाच्या झाडाला कुऱ्हाड लावावयाची नाही, एवढाच तो कायदा. ती राई पाळणारे महादेव कोळी आजही याच डोंगरांत राहतात. हिरडा गोळा करणे हा त्यांच्या मिळकतीचा मोठा आधार. १९५९ साली न्गोरोंगोरोचे संरक्षित क्षेत्र झाले तेव्हाही मसाई गुराखी आणि वन्य पशू एकत्र राहतील असेच ठरले होते. पुढे तेथे शेतीवर बंदी आली, आणि २०२२ साली मसाई कुटुंबांना शेकडो किलोमीटर दूर हलविण्यास सुरुवात झाली. सरकार म्हणते, स्वखुशीने. पुष्कळ मसाई ते मान्य करीत नाहीत. माझे मत विचाराल तर, ज्यांनी रान राखले त्यांनाच आधी बाहेर काढणे हा उफराटा न्याय होय. आपल्या यात्रेच्या मोटारींना मात्र कोणी अडवू नये असे आपल्याला वाटते!

शेकरू पाहावयाचा असेल तर देवळाच्या गर्दीपासून दूर, उजाडताच, मान वर करून हळू चालावे. प्रथम कर्कश आवाज येतो, मग पाने हलतात. खाण्याचे काही टाकू नये. त्याला अंजनीची, जांभळाची फळे पुरेशी आहेत.