विहिरीच्या ढिगाऱ्यातील स्फटिक : ओळख, जतन आणि खबरदारी



हंगाम आटोपला, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्या की आपल्याकडे विहिरींची कामे निघतात. कोणी जुनी विहीर परसभर खोल नेतो, कोणी आडवे बोअर मारतो, कोणी नव्या विहिरीला हात घालतो. सुरुंग उडतात, यारीने दगड वर येतो आणि काठावर ढीग लागतो. त्या ढिगात उन्हाला चमकणारे पांढरे, गुलाबी, क्वचित हिरवे खडे आपण सर्वांनीच पाहिले आहेत. पोरे ते खिशात घालतात, बाया तुळशीपाशी ठेवतात, आणि उरलेला ढीग बांधाला किंवा रस्त्याच्या भरावाला जातो. हे खडे काय आहेत, ते छंद म्हणून कसे जमवावेत आणि त्यापायी जीव धोक्यात कसा घालू नये, याची माहिती या लेखात देत आहोत.

आपला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्ह्याचे लोटच्या लोट बाहेर आले व एकावर एक पसरले. आज या खडकाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापलेला आहे आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यावरच बसलेला आहे. प्रत्येक लोटात वायू होता. भाकरीला जसे फोड येतात तसे वायूचे बुडबुडे वर चढले आणि लाव्हा थिजला तेव्हा वरच्या भागात अडकून राहिले. म्हणून लोटाचा मधला भाग घट्ट पाषाण, वरचा भाग भोकाभोकांचा. विहीर खोदणारे गडी या भोकाळ खडकाला मांजऱ्या म्हणतात. दोन लोटांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी तांबड्या मातीचा थर लागतो, तोही आपल्या ओळखीचा आहे. हे थर वाचता येणारा जुना गडी भूशास्त्राचे पुस्तक न वाचताही निम्मा भूशास्त्रज्ञ असतो, असे आमचे मत आहे.

आता या पोकळ्यांत स्फटिक आले कुठून? याचे उत्तर आपल्या कारखान्यातच आहे. पॅनमध्ये रस आटवताना त्यात विरघळलेली साखर पाण्याला पेलवेनाशी होते आणि बीजाच्या दाण्यावर थराथराने बसू लागते. पॅनमनने घाई केली तर मध्येच नको तो बारीक दाणा उठतो. सबुरीने शिजवले तर दाणा टपोरा येतो. खडीसाखरेचा पाक दोऱ्यावर दिवसचे दिवस थंड होऊ देतात, म्हणून तिचा खडा एवढा मोठा. जमिनीखालीही असेच घडले. गरम पाणी खडकातून झिरपत गेले, त्याने खडकातील सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम अशी द्रव्ये विरघळवून घेतली आणि पोकळीत येऊन ती भिंतीवर सोडली. फरक एवढाच, की तिथे पॅनमनला कसलीच घाई नव्हती. पोकळी जेवढी मोठी आणि पाणी जेवढे संथ, तेवढा स्फटिक मोठा व नितळ.

या खड्यांत जे सर्वांत जास्त सापडतात त्यांना झिओलाइट असे नाव आहे. १७५६ साली क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने असा एक दगड फुंकणीच्या ज्वाळेत धरला, तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला. दगडाच्या जडणीत कोंडलेले पाणी वाफ होऊन बाहेर पडत होते. ग्रीक भाषेत ‘उकळणारा दगड’ या अर्थाने त्याने हे नाव दिले. पुण्याकडच्या अशाच एका सुयांच्या खनिजाला १८३१ साली ‘पूनालाइट’ असे नाव मिळाले होते. ते मेसोलाइटच असल्याचे पुढे ठरले. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, त्याआधी तिथे जे प्रचंड खोदकाम झाले त्यातले नमुने परदेशच्या संग्रहालयांत जाऊन बसले. म्हणजे आपण ज्याला भराव समजतो त्याची कीर्ती जुनी आहे.

ओळखीचे म्हणाल तर स्टिल्बाइट हा आपल्याकडचा नेहमीचा गडी. रंग पांढरा ते पीचसारखा गुलाबी, आणि आकार मधोमध बांधलेल्या कडब्याच्या पेंढीसारखा. एकदा पाहिला की पुन्हा चुकत नाही. ह्यूलँडाइट चपटा असतो, त्याच्या अंगावर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी झाक असते. स्कोलेसाइट व मेसोलाइट म्हणजे एका बिंदूतून फुटलेल्या पांढऱ्या सुया. ओकेनाइट तर कापसाचा बोळाच. मुंबईकडच्या मालाड, कांदिवलीच्या खाणींतून त्याचे नमुने पूर्वी पुष्कळ निघाले. ॲपोफिलाइट चौकोनी असतो, टोकाला कळसासारखा निमुळता, काचेसारखा नितळ. काटेकोरपणे तो झिओलाइट नव्हे, पण त्यांच्याच पंगतीला बसतो. तो हिरवा निघाला तर ती मोठी गोष्ट. तो हिरवेपणा व्हॅनेडियम या धातूच्या अंशामुळे येतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात राहुरीजवळ मोमीन आखाडा येथे या शतकाच्या आरंभी एका विहिरीत हिरव्या ॲपोफिलाइटचे गोल गेंद निघाले, ते जगभरच्या संग्राहकांत गाजले. ती खाण नव्हती, आपल्यासारख्याच एका शेतकऱ्याची विहीर होती. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींतून गर्द निळे कॅव्हन्साइट निघाले. हे खनिज प्रथम अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात सापडले व १९७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले, पण उत्तम नमुने म्हटले की जगात वाघोलीचेच नाव घेतात.

याशिवाय गारगोटी आणि कॅल्साइट या दोन वस्तू सगळीकडे. गारगोटीने बाटलीच्या काचेवर ओरखडा उठतो, कॅल्साइटने उठत नाही व त्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला तर फेस येतो. ही परीक्षा तुटलेल्या कपच्यावर करावी, चांगल्या नमुन्यावर नव्हे. आपल्याकडे बाया ज्या शिरगोळ्याची रांगोळी करतात, त्या नावाखाली निरनिराळे मऊ पांढरे दगड येतात. तेव्हा नावावर न जाता दगड पाहावा.

आता दगड काढण्याची रीत. नव्या माणसाचा हात प्रथम स्फटिकाकडे जातो आणि तो पहारीने उचकटू पाहतो. असा उपटलेला खडा म्हणजे मोडलेला दात. स्फटिक ज्या काळ्या दगडावर उगवला त्यासकट निघाला तरच त्याला शोभा आणि किंमत. म्हणून पोकळीच्या कडेपासून चार बोटे लांब छिन्नी धरावी, सुतकीचे हलके ठोके देत भोवती चर पाडावा व दगड आपण होऊन सुटू द्यावा. डोळ्यांवर साधा का होईना, चष्मा हवाच. काळ्या पाषाणाची कपची वस्तऱ्यासारखी असते. पोकळी फुटताच त्यात हात घालू नये. आतल्या सुया बोटात मोडतात आणि विंचवालाही अशी जागा आवडते. खरे पाहता छंद करणाऱ्याला फोडाफोड फारशी लागतच नाही. सुरुंगाने निघालेल्या ढिगात दोन तास बसून दगड उलटेपालटे केले तर पिशवी भरते.

नमुना घरी आणताना प्रथम वर्तमानपत्राचा कागद, मग चिंध्या किंवा पाचट. पाचट थेट अंगाला लावू नये, कूस सुयांत अडकते. धुताना साधे पाणी व जुना मऊ ब्रश पुरे. लख्ख करण्यासाठी संडास धुण्याचे ॲसिड वापरणारे लोक आहेत. त्याने कॅल्साइट विरघळतो, झिओलाइटची चमक जाते आणि हातही भाजतात. ओकेनाइट आणि बारीक सुयांचे नमुने धुऊच नयेत, कापूस भिजून गोळा व्हावा तशी त्यांची गत होते. लॉमोंटाइट म्हणून एक पांढरा प्रकार आहे. तो विहिरीतून निघताना धडधाकट असतो, पण उघड्यावर अंगातले पाणी सुकून त्याचे पीठ होते. मंडळी समजतात की पोरांनी फोडला. पोरांना उगाच मार बसू नये म्हणून हे मुद्दाम सांगतो. जांभळी गारगोटी मिळाली तर ती उन्हात ठेवू नये, रंग उडतो. आणि सुयांच्या दगडांची कोरडी भुकटी उडवू नये. काही तंतुमय झिओलाइटांची धूळ, विशेषतः एरिओनाइटची, फुप्फुसाला घातक ठरल्याचे तुर्कस्तानातील काही गावांत दिसून आले आहे. ओल्या फडक्याने पुसावे, हे बरे.

सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे चिठ्ठी. गाव, गट नंबर, किती फुटांवर, कोणत्या थरात, तारीख. एवढे लिहून नमुन्यासोबत ठेवावे व दगडाच्या मागे नंबर टाकावा. ठिकाण माहीत नसलेला दगड संग्राहकाच्या लेखी निम्म्या मोलाचा आणि अभ्यासकाच्या लेखी जवळजवळ निरुपयोगी. शिवाय अशा चिठ्ठ्या चारपाच विहिरींच्या जमल्या की मांजऱ्या किती फुटांवर लागतो, तांबडा थर कुठे आहे, याचा गावापुरता नकाशाच तयार होतो. पुढच्या विहिरीचा खर्च ठरवताना तो नकाशा पाणाड्याच्या नारळापेक्षा जास्त कामाला येईल, असे आम्हांस वाटते. ज्यांचा नारळावर विश्वास आहे त्यांनी राग मानू नये.

आता जिवाची गोष्ट. हा भाग घरातील तरुण मुलांना वाचून दाखवावा. सुरुंग लावलेल्या विहिरीत, सर्व बार उडाल्याची ठेकेदाराने स्वतः खात्री करून दिल्याशिवाय कोणीही उतरू नये. न उडालेल्या बाराच्या भोकात छिन्नी घालणे म्हणजे मरणाला हाक मारणे. खाणीच्या उभ्या कड्याखाली बसू नये. पावसानंतर तर नाहीच. मांजऱ्या आणि तांबडी माती पाणी पिऊन सुटते व वरचा पाषाण खाली येतो. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची आपल्याकडे रीत आहे. कंदील विझला तर उतरू नये हे खरे. पण कंदील तेवत राहिला म्हणजे हवा निर्धोक, असे मुळीच नाही. विहिरीत इंजिन चालवून त्याचा धूर साठला असेल तर त्या हवेत कंदील जळत राहतो आणि माणूस मात्र पडतो. एक पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. खड्यासाठी उतरायचेच नाही, ढीग वर आल्यावर पाहायचे, हा नियम घरात घालून द्यावा.

कायद्याचेही दोन शब्द. ‘माझ्या रानातला दगड माझा’ असे आपण सहज म्हणतो. परंतु महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ अन्वये खनिजांवरील हक्क शासनाने राखून ठेवलेला आहे, व विक्रीसाठी गौण खनिज काढण्यास आणि वाहून नेण्यास परवानगी व स्वामित्वधन लागते. ढिगातून चार खडे उचलून फडताळात मांडणे वेगळे आणि गाडी भरून माल पाठवणे वेगळे. दुसरा प्रकार करावयाचा असेल तर आधी तलाठी व तहसील कार्यालयात विचारावे. वनखात्याच्या हद्दीत, अभयारण्यात, लेण्यांच्या किंवा किल्ल्यांच्या खडकाला तर छिन्नी लावूच नये. दुसऱ्याच्या विहिरीवर मालकाला विचारल्याशिवाय जाऊ नये, हे सांगायला कायदा कशाला हवा!

मोठी पोकळी लागल्याची बातमी लपत नाही. दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर कोणीतरी येतो, काठावर उभा राहून “दगडच आहेत, गोणीचे काय घ्याल?” असे विचारतो आणि विहिरीच्या घाईत असलेला माणूस मिळतील त्या पैशांत मोकळा होतो. सगळे व्यापारी असे असतात असे आम्ही म्हणत नाही. पण गोणीच्या भावाचा माल आणि नगाचा माल यातला भेद विकत घेणाऱ्याला कळतो, विकणाऱ्याला कळत नाही, हे खरे आहे. तेव्हा अशी पोकळी लागली तर काम तिथे एक दिवस थांबवावे, ती कागदाने व ओल्या गोणपाटाने झाकावी, फोटो काढावेत व जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवावेत. सिन्नर येथे ‘गारगोटी’ हे खनिजांचे संग्रहालय आहे. शिर्डीला जाता-येता घरच्यांसह तिथे तासभर काढला तर उत्तम नमुना कशाला म्हणतात हे डोळ्यांना कळते. मग कोणी भाव सांगू लागला तरी नजर तयार असते. ज्या विहिरीचा दगड असेल तिच्या मालकाचे, खोदणाऱ्या गड्याचे आणि ठेकेदाराचे वाटे काम सुरू करण्यापूर्वीच तोंडावर ठरवून कागदावर घ्यावेत. खडा वर आल्यावर वाटे ठरवायला बसले की भांडण ठरलेलेच.

शाळेला सुट्ट्या आहेत. मुलांना एक जुना खोका, चिकटपट्टी आणि पेन द्यावे, आणि काठावरच्या ढिगातून दहा वेगवेगळे दगड चिठ्ठीसह आणायला सांगावे. पेंढीसारखा पहिला स्टिल्बाइट बहुधा पहिल्याच दिवशी सापडेल.