समुद्रासमोर खणखणीत, वर्गासमोर गप्प

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात काशीदचा किनारा ओळखू येत नाही. घोडे दिसत नाहीत, टपऱ्यांवर निळं प्लास्टिक बांधलेलं असतं आणि सुरूच्या झाडांपलीकडे पावसाळी समुद्र दिवसरात्र गर्जत असतो. याच आठवड्यात अलिबाग-मुरूड रस्त्यावरच्या शाळांत, म्हणजे खरं तर राज्यातल्या बहुतेक शाळांत, १ ऑगस्टच्या भाषणांची घाई असते. लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती एकाच दिवशी येते. वहीत दीड पान भाषण उतरवलेलं असतं आणि शेंगांच्या टरफलांची गोष्ट त्यात ठरलेलीच.

समजा, नववीतली एक मुलगी हे दीड पान घेऊन वाळूवर उभी राहिली आणि लाटांना ऐकवू लागली. आवाज खणखणीत निघेल, शब्द अडणार नाही. तीच मुलगी १ तारखेला शाळेत उभी राहते. ‘व्यासपीठावर उपस्थित माननीय अध्यक्ष, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ इथपर्यंत गाडी नीट येते. मग घशाला कोरड पडते आणि पुढचं काही आठवत नाही. पाठांतर तेच, गळा तोच. बदललं काय?

आधी आवाजाचं पाहू. गोंगाटात माणूस न ठरवता आवाज चढवतो. फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञ एतिएन लोंबार यांनी १९११ साली हे मांडलं, म्हणून त्याला ‘लोंबार परिणाम’ म्हणतात. याचा एक मजेशीर उपयोगही झाला. बहिरेपणाचं सोंग घेणाऱ्याला काहीतरी वाचायला द्यायचं आणि मध्येच त्याच्या कानात गोंगाट सोडायचा. आवाज चढला की सोंग उघडं पडलं, कारण खऱ्या बहिऱ्याचा आवाज चढत नाही. अशा वेळी आवाज नुसता मोठा होत नाही. स्वर लांबतात, पट्टी वर जाते, तोंड जास्त उघडतं. पुटपुटत बोलणाऱ्या मुलीला लाटा हे सगळं फुकट शिकवतात. फक्त घसा ताणून किंचाळायचं नाही, त्यानं स्वरतंतूंना इजा होते. तेरा-चौदाच्या मुलांचा मध्येच फाटणारा आवाज मात्र लाटांच्याही हातात नाही. कंठ वाढतो आहे, स्वरतंतू लांब आणि जाड होताहेत. तिथे थांबणं हाच उपाय.

समुद्रासमोर सराव करणारा सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी म्हणजे अथेन्सचा डेमॉस्थेनिस (इ.स.पू. ३८४ ते ३२२). फालेरॉनच्या किनाऱ्यावर लाटांच्या वरताण आवाज काढायचा तो सराव करी, असं सिसेरोनं लिहून ठेवलं आहे. तोंडात खडे धरून बोलण्याची कथा प्लूटार्कनं दिली आहे. वक्तृत्वाच्या शिबिरांत हे दोन्ही हमखास ऐकायला मिळतं. त्यापुढचं सहसा कुणी सांगत नाही. इ.स.पू. ३४६ मध्ये अथेन्सचं शिष्टमंडळ मॅसिडोनियाचा राजा फिलिप याच्याकडे गेलं. त्यात डेमॉस्थेनिस होता, नावारूपाला आलेला, चाळिशीच्या उंबरठ्यावरचा. राजासमोर उभा राहिला, थोडं बोलला आणि गप्प झाला. राजानं धीर दिला, तरी शब्द फुटेना. सांगणारा एस्किनीझ हा त्याचा हाडवैरी, तेव्हा तिखटमीठ लावलेलं असणार. पण अविश्वसनीय त्यात काहीच नाही. लाटा कान फोडतात, गुण देत नाहीत. राजा गुण देतो.

या ‘गुण देण्या’चं शरीरावर काय होतं हे मोजण्याची पद्धत जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात बसवली गेली. क्लेमेन्स किर्शबाउम आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली ती प्रसिद्ध केली. स्वयंसेवकाला तयारीसाठी काही मिनिटं द्यायची. मग परीक्षकांसमोर पाच मिनिटं भाषण आणि पुढे पाच मिनिटं तोंडी गणित: १०२२ मधून १३ वजा करत जा, चुकलात की पुन्हा १०२२ पासून. परीक्षकांनी हसायचं नाही, मान हलवायची नाही. लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक एवढ्यानं दुप्पट ते चौपट होतं. पुढे सॅली डिकर्सन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ साली असे २०८ अभ्यास एकत्र तपासले. नुसतं अवघड काम दिलं म्हणून कॉर्टिसॉल फारसं चढत नाही. कुणीतरी आपल्याला जोखतं आहे आणि निकाल आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी जुळल्या की ते सर्वाधिक उसळतं. आपल्या शाळांतल्या परीक्षकांना निर्विकार चेहऱ्याचं प्रशिक्षण वेगळं द्यावं लागत नाही, हे जाता जाता.

कॉर्टिसॉलचा एक उपद्रव विद्यार्थ्यांच्या थेट कामाचा आहे: ते वाढलं की पाठ असलेलंही आठवेनासं होतं. म्हणून ‘पाठ कर, पाठ कर’ या सल्ल्यात थोडी दुरुस्ती हवी. टफ्ट्स विद्यापीठातल्या एमी स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली काही जणांना शब्द आणि चित्रं लक्षात ठेवायला सांगितली. एका गटानं ती पुन्हापुन्हा पाहिली. दुसऱ्या गटानं न पाहता आठवून काढण्याचा सराव केला. दुसऱ्या दिवशी भाषण आणि गणिताचा ताण दिल्यावर पहिल्या गटाची आठवण घसरली, दुसऱ्याची जवळपास जशीच्या तशी राहिली. म्हणजे वही समोर धरून दहादा वाचण्यापेक्षा वही दप्तरात ठेवून, अडखळत का होईना, तीनदा बोलून पाहिलेलं कामाला येतं. त्यातही शब्दन् शब्द पाठ करण्यापेक्षा मुद्द्यांचा क्रम पक्का करावा, असं मला वाटतं. एक शब्द निसटला म्हणून अख्खं भाषण त्याच्यामागे जाऊ नये.

पक्की तयारी आणि कच्ची तयारी यांतला प्रेक्षकांसमोरचा फरक रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६९ साली झुरळांवर तपासला होता. उजेड लावला की झुरळ अंधाराकडे पळतं. वाट सरळ असेल तेव्हा पारदर्शक पेटीत इतर झुरळं ‘प्रेक्षक’ म्हणून ठेवली, तर पळणारं झुरळ जास्त वेगानं पोचलं. वाट वळणाची केली की प्रेक्षकांमुळे त्याला उलट जास्त वेळ लागला. अंगवळणी पडलेलं काम चारचौघांत सुधारतं, कच्चं काम बिघडतं. झुरळाला अब्रूची काळजी नसावी, तरीही हे घडतं, यात मला गंमत वाटते.

आता त्या ‘पूज्य गुरुजनवर्ग’ची बाजू घ्यायला हवी. ही घासून गुळगुळीत झालेली सुरुवात सगळे हिणवतात. पण भाषण करणाऱ्याच्या नाडीच्या नोंदी पाहिल्या, तर ठोके सहसा सुरुवातीलाच, पहिल्या मिनिटाच्या आसपास सर्वांत वर जातात आणि मग उतरू लागतात. त्या मिनिटात झोपेतही म्हणता येईल असं एखादं वाक्य हाताशी असणं शहाणपणाचं आहे. चूक पुढे होते. पहिल्या वाक्यानंतर श्वास न घेता मुलं दुसऱ्यावर उडी मारतात. तिथे एक सावकाश, लांब उच्छ्वास सोडावा. श्वास सोडताना हृदयाचा वेग आपोआप किंचित उतरतो, कारण हृदयाला लगाम घालणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा जोर तेव्हा वाढतो.

‘शांत हो, घाबरू नकोस’ हे मोठ्यांचं आवडतं वाक्य फारसं उपयोगी नाही. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली दाखवलं, की भाषणाआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आलाय’ म्हणणाऱ्यांची भाषणं परीक्षकांना सरस वाटली. धडधड दोन्हींत तीच. ती थांबवणं कठीण, तिला दुसरं नाव देणं सोपं. आणि ती धडधड समोरच्यांना दिसतेय असं जे वाटतं, तो बहुतांशी भ्रम असतो. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ साली काही विद्यार्थ्यांना भाषणापूर्वी एवढंच समजावून सांगितलं, की तुमची घबराट तुम्हाला वाटते तितकी बाहेर दिसत नाही. तेवढ्यानं त्यांची भाषणं सुधारली.

तरी खरं औषध पुनरावृत्ती. किर्शबाउम यांच्या गटानं १९९५ साली वीस पुरुषांना तीच परीक्षा पाच दिवस लागोपाठ द्यायला लावली. बहुतेकांचं कॉर्टिसॉल दुसऱ्या दिवसापासूनच उतरलं. काही जणांचं मात्र पुन्हापुन्हा चढत राहिलं. वर्गातली एखादी मुलगी चौथ्या खेपेलाही थरथरत असेल, तर तिनं मेहनत केली नाही असा अर्थ काढू नये; तिचं शरीर त्या दुसऱ्या गटातलं असू शकतं.

मोहनदास गांधींचं उदाहरण इथे चपखल आहे. १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतल्यावर ते मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात ममीबाईंच्या खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले. डोकं गरगरलं, एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि तीस रुपयांची फी परत केली. हे त्यांनी स्वतःच आत्मकथेत सांगितलं आहे. १८९३ साली प्रिटोरियात, एका व्यापाऱ्याच्या घरी, बहुतेक मेमन व्यापाऱ्यांपुढे ते व्यापारातल्या सचोटीवर बोलले. आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण म्हणून त्यांनी त्याचीच नोंद केली आहे. श्रोते मोजके, विषय नीट तयार केलेला, आणि पुढे अशा बैठका नेमानं होत राहिल्या. मुंबईच्या कोर्टात यातलं काहीच नव्हतं.

आपल्या गावांत पायरी-पायरीनं पुढे जाण्याची ही पद्धत वेगळ्या रूपानं आहेच. भजनात पोर आधी मागे टाळ धरून बसतं, मग चार जणांत सूर मिसळतं आणि कधीतरी एक कडवं एकट्यानं म्हणतं. शाळेत तसं होत नाही. वर्षातून दोन-तीन जयंत्या-पुण्यतिथ्या, त्याही स्पर्धेच्या, आणि बक्षिसं घेणारी तीच चार मुलं. उरलेली थेट दहावीच्या तोंडी परीक्षेत तोंड उघडतात.

खरं तर जागा रोजचीच आहे. सकाळच्या परिपाठात सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा असे चार तुकडे असतात, बहुतेक ठिकाणी ठरावीक मुलं ते म्हणून टाकतात. शिक्षणहक्क कायद्यानं सहावी ते आठवीला वर्षाचे किमान २२० दिवस कामाचे ठरवले आहेत. म्हणजे ८८० संधी. पाळी लावली, तर चाळीस मुलांत प्रत्येकाच्या वाट्याला २२ येतात. पट घटला म्हणून ज्यांच्याविषयी आपण हळहळतो, त्या वीस पटाच्या कोकणातल्या शाळेत ४४.