कार्यस्मृतीचा सराव : काठिण्य आणि गती

ऐकलेले किंवा पाहिलेले मनात धरून ठेवायचे आणि त्याच वेळी त्यावर काम करायचे, या क्षमतेला कार्यस्मृती म्हणतात. तिची झोळी लहान असते. सुट्या, एकमेकांशी न जोडलेल्या गोष्टी प्रौढ माणसालाही एका वेळी चारेकच सांभाळता येतात. ही झोळी सरावाने मोठी करता येईल, या आशेने निघालेल्या अभ्यासांत काठिण्य आणि वेळ कशी बदलावी, याविषयी बरेच गैरसमज आहेत.

पहिला गैरसमज असा की सगळ्या पायऱ्या सारख्याच चढाच्या असतात. गायनाच्या इंदूर घराण्यातली मेरुखंडाची तालीम याचे उत्तर देते. होळकर दरबारातले सारंगीवादक शाहमीर खाँ यांनी मुलाकडून, म्हणजे पुढे गाजलेल्या उस्ताद अमीर खाँ यांच्याकडून, ती करून घेतली. स्वर गाळायचा नाही, दुसऱ्यांदा घ्यायचा नाही, फक्त क्रम बदलत जायचे. तीन स्वरांचे क्रम ६ होतात, चारांचे २४, पाचांचे १२० आणि सातांचे ५०४०. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त हे क्रम मांडण्याची रीत दिली आहे. स्वर एकेकाने वाढतो, ओझे मात्र कितीतरी पटींनी.

‘एन-बॅक’ या प्रसिद्ध अभ्यासातही तसेच घडते. अक्षरे एकामागून एक येतात आणि समोरचे अक्षर दोन किंवा तीन घरे मागच्या अक्षराशी जुळते का, ते सांगायचे असते. एक घर मागे पाहणे सोपे जाते. दोन घरांपासून जुने सोडून नवे धरण्याची खरी कसरत सुरू होते.

जितके कठीण तितका लाभ, हेही खरे नाही. सुसान येगी आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या एन-बॅक प्रयोगात तीनपेक्षा कमी चुका झाल्या तर पायरी वाढे, पाचांहून जास्त झाल्या तर उतरे, एरवी तीच राहे. उतरण्याची सोय हा त्या पद्धतीचाच भाग होता. पण आपोआप बदलणारे काठिण्य अनिवार्यही नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत कामगिरीनुसार बदलणारे, वाटेल तसे बदलणारे आणि सहभागींनी स्वतः निवडलेले काठिण्य, या तिन्हींत प्रगती जवळपास सारखीच दिसली.

सर्वात जास्त गल्लत वेळेबाबत होते. वेग वाढवला की स्मृतीवरचा ताण वाढला, असे धरून चालतात. येगी यांच्या अभ्यासात दर तीन सेकंदांनी नवे अक्षर येई. ते अंतर फार कमी केले तर नजर आणि बोट किती चपळ आहेत, याचीच परीक्षा होते. आठवण बाजूला राहते. अंतर वाढवले तर अक्षर मनातल्या मनात घोळवायला फुरसत मिळते आणि काम सोपे होते. मात्र त्याच रिकाम्या वेळात दुसरे काम दिले तर आठवण ठेवणे अवघड होते. म्हणजे संथ गती आपोआप सोपी ठरत नाही. मधल्या वेळात मन काय करते, त्यावर सारे अवलंबून असते.

पायरी वर गेली म्हणजे स्मृतीच वाढली, हा समज सर्वात महागात पडणारा आहे. १९८० मध्ये अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला विद्यार्थी सुमारे वीस महिन्यांच्या सरावाने ७ ऐवजी ७९ अंक ऐकून म्हणू लागला. अक्षरे दिल्यावर तो पुन्हा सहाच्या आसपास आला. अंकांचे गट शर्यतीच्या वेळांशी जोडण्याची युक्ती त्याला साधली होती, धारणा होती तेवढीच राहिली. बुद्धिमत्ता वाढल्याचा येगी यांचा निष्कर्षही थॉमस रेडिक यांच्या २०१३ च्या काटेकोर प्रयोगात टिकला नाही. मेंदूच्या खेळांबद्दल फसव्या जाहिराती केल्याच्या आरोपावरून अमेरिकेत २०१६ मध्ये ‘लुमॉसिटी’ हे खेळ विकणाऱ्या कंपनीला वीस लाख डॉलर भरावे लागले.

सराव करायचाच असेल तर पायरी किंवा गती, यांपैकी एका वेळी एकच बदलावी. वहीत पायरीच्या आकड्याशेजारी दोन अक्षरांमधले अंतर आणि चुकाही लिहाव्यात. त्यांच्याशिवाय आजचा आकडा मागच्या आठवड्याच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही.