नीरा ओलांडा, राजधानी गाठा!

परदेशातल्या राजधान्यांचे फोटो बघून हुरळायचं कशाला? जळोचीकरांनो, शनिवार-रविवारी एसटीच्या तिकिटात गाठता येईल अशी राजधानी आपल्या शेजारीच आहे : सातारा! १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथेच झाला. पेशवे पुण्यातून कारभार हाकू लागले, तरी पेशवेपदाची वस्त्रं साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच घ्यावी लागत.

ती वस्त्रं एका बारामतीकराच्या अंगावर येता येता राहिली बरं का! १७४० मध्ये थोरले बाजीराव गेले, तेव्हा नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी बाबूजी नाईक बारामतीकरांचं नाव पुढे रेटलं. नाईक मोठे सावकार, खुद्द बाजीराव त्यांचे कर्जदार. वर सोयरीकही होतीच : नाईकांचे बंधू आबाजी म्हणजे बाजीरावांच्या बहिणीचे, भिऊबाईंचे यजमान. महाराजांनी अखेर बाजीरावांचे पुत्र नानासाहेब यांना पेशवा केलं. बारामतीतला नाईकांचा वाडा बघूनच गाडीत बसा, साताऱ्याची गंमत दुप्पट होईल.

गाडी फलटणमार्गे जाते. नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्यांनाही अर्धं आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत. आजीला अवश्य न्या, फक्त तिचं आधार कार्ड विसरू नका. फलटण म्हणजे महाराणी सईबाईंचं माहेर. वेळ असेल तर तिथेही उतरा.

साताऱ्यात अजिंक्यतारा किल्ला सकाळी उन्हाआधी चढा. डिसेंबर १६९९ मध्ये खुद्द औरंगजेब याच्या पायथ्याशी तळ देऊन बसला होता. मुघलांनी सुरुंग पेरले, पण त्यातला एक असा उडाला की तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि त्यांचीच माणसं त्याखाली गाडली गेली. एप्रिल १७०० मध्ये गड पडला, त्याचं नाव आझमतारा झालं. पण मराठ्यांनी तो लवकरच परत जिंकला.

माझी सगळ्यात आवडती जागा मात्र कृष्णा-वेण्णेच्या संगमावरची माहुली. इथे महाराणी येसूबाईंची समाधी आहे आणि शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचीही! शिकारीत त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं होतं. त्याचा एक किस्साही सांगतात. एक सरदार नटूनथटून दरबारात येणार होता. महाराज साध्या पांढऱ्या कपड्यांत बसले आणि जरी, दागिने आणि स्वतःची पगडीसुद्धा त्यांनी कुत्र्याला चढवली!

रविवारी साताऱ्याजवळचं लिंब गाठा. तिथली बारा मोटांची विहीर शाहू महाराजांच्या घरातल्या वीरूबाईंनी बांधून घेतली, १७१९ ते १७२४ या काळात. खाली अष्टकोनी विहीर, वर एकाच वेळी बारा मोटा चालतील अशी सोय आणि मधोमध चक्क छोटा महाल! पाण्याचं मोल जाणणाऱ्या बारामतीच्या शेतकऱ्यानं इथे तासभर तरी काढावाच. दगडी जिन्यानं खाली उतरा आणि मान वर करून बांधकाम बघा.

परतीच्या गाडीआधी कंदी पेढे घ्या. खवा खरपूस भाजलेला, साखर बेताची, त्यामुळे ते प्रवासात छान टिकतात.