अर्ध्या कानानं ऐकलेला बुधवार

बुधवार, रात्रीचे आठ. ज्या घरात रेडिओ होता त्या घरात ही वेळ कशाची, हे साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारा. उत्तर एकच मिळेल, बिनाका गीतमाला! आणि त्याच घरातल्या बाईला विचारा, आठ वाजता तुम्ही कुठं असायचात हो? तेही उत्तर एकच. स्वयंपाकघरात.

कर्जत लोकलनं दमूनभागून आलेल्या माणसांची ती जेवायची वेळ. अंबरनाथला कारखान्याची पाळी सुटून आलेला, बदलापूरला स्टेशनापासून अंधारातून चालत आलेला, उल्हासनगरात दुकान आवरून परतलेला, प्रत्येकाचं ताट आठ-साडेआठच्या सुमाराला वाढायचं. बाहेरच्या खोलीत मंडळी रेडिओला कान लावून बसायची आणि आत बाई तव्यावरची पोळी उलटता उलटता जेवढं कानावर पडेल तेवढं ऐकायची. स्टोव्हचा फरफराट वाढला की गाणं गेलंच. 'अगं, पाणी दे' अशी हाक आली की नेमका पहिल्या नंबरचा बिगुल चुकायचा.

आज ही गीतमाला पुन्हा ऐकायची सोय झाली आहे. म्हणून म्हणते मैत्रिणींनो, घरात आई असेल, सासूबाई असतील, आत्या-मावशी असतील, तर त्यांना तो अर्धा राहिलेला तास एकदा पुरा ऐकू द्या. आणि तुम्हीही शेजारी बसा.

सिलोनची वाट का धरली?

आजच्या मुलींना नवल वाटेल, की हिंदी गाणी ऐकायला आपली माणसं परदेशाचा रेडिओ का लावत होती? त्यामागे एक गोष्ट आहे. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांना शास्त्रीय संगीताचा मोठा अभिमान आणि सिनेमाच्या गाण्यांचा तितकाच तिटकारा. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांना तर गाणी हवीच होती. मग त्यांनी सुई फिरवली ती थेट कोलंबोवर.

३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बिनाका ही टूथपेस्ट. तिच्या खोक्यात प्लॅस्टिकचे इवलेसे प्राणी मिळायचे आणि त्यांच्यासाठी भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या, ते कित्येकींना आठवत असेल. निवेदक होते अमीन सयानी. तेव्हा त्यांना विशी पुरी व्हायलाही काही दिवस बाकी होते. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप विमानानं कोलंबोला जायची. म्हणजे मुंबईत बोललेलं अंबरनाथला पोहोचायला आधी समुद्र ओलांडून जाऊन यायचं!

सुरुवातीला अर्ध्या तासात सातच गाणी लागत, तीही क्रम न लावता. क्रम श्रोत्यांनी लावून पाठवायचा आणि बरोबर आला तर १०० रुपयांचं बक्षीस. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजारांच्या आसपास पत्रं आली. पुढे आठवड्याची पत्रं साठ हजारांच्या वर गेली. एवढी पत्रं निवडायची कुणी? शेवटी डिसेंबर १९५४ पासून स्पर्धा बंद झाली आणि तासाभराची, खालच्या पायरीवरून वर चढत जाणारी, गाण्यांची क्रमवारी सुरू झाली. 'पायदान' हा शब्द आपल्याकडे रुळला तो तेव्हापासून.

क्रम ठरायचा तो दुकानांतल्या तबकड्यांच्या खपावरून. पण तबकडी संपली की खप दिसत नाही, आणि दुकानदाराचा आकडा खराच असेल असंही नाही. म्हणून गावोगावच्या श्रोता संघांची मतंही जमेला धरली जाऊ लागली.

इथं थोडं थांबावंसं वाटतं. तबकडी विकत कोण घेई? संघाच्या बैठकीला कोण जाई? आपल्या घरांचं म्हणाल, तर ही कामं भावाची नाहीतर नवऱ्याची. गाणं मात्र दिवसभर कुणाच्या ओठांवर असे? जी धुणं धूत होती, तांदूळ निवडत होती, तिच्या. तिच्या आवडीचा नंबर कुणी विचारलाच नाही. तिचं मत कुठल्या पायदानावर मोजलं गेलं नाही.

'बहनों' आधी

तरी एक गोष्ट या कार्यक्रमात होती. अमीन सयानी हाक मारायचे ती 'बहनों और भाइयों' अशी. सभेत, भाषणात 'भाइयों और बहनों' ऐकायची सवय असलेल्या कानांना हा फरक जाणवायचा. आत पोळ्या लाटणाऱ्या बाईला वाटायचं, हा माणूस आधी माझ्याशी बोलतोय.

हे वळण त्यांना घरातूनच मिळालं असेल असं मला वाटतं. त्यांच्या आई कुलसुम सयानी यांनी मुंबईत प्रौढांना, विशेषतः बायकांना, लिहा-वाचायला शिकवण्यात आयुष्य घातलं. नव्यानं वाचू लागलेल्यांसाठी त्या 'रहबर' नावाचं पाक्षिक काढत. भाषा एकच सोपी हिंदुस्तानी आणि लिप्या तीन, नागरी, उर्दू आणि गुजराती. लहानपणी अमीन त्यांना या कामात मदत करी. कुणालाही कळेल असं बोलायचं, हा धडा तिथलाच.

आपल्या भागात या सोप्या भाषेचं मोल फार होतं. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासित तिथल्या बराकींत आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. अजूनही पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर चार' असंच सांगतात. अंबरनाथला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आणि विमकोची आगपेटी. तिथं नोकरीला चारी दिशांची माणसं. बदलापूर त्या मानानं शांत, उल्हास नदीकाठचं मराठी गाव. सिंधी, मराठी, मद्रासी, भय्ये, भाषा वेगळी, चूल वेगळी. पण बुधवारी आठ वाजता सगळीकडे एकच आवाज.

आणखी एक गंमत सांगते. कोलंबोचं ते जबरदस्त प्रक्षेपण केंद्रही युद्धातलंच! दोस्त सैन्याच्या करमणुकीसाठी उभारलेलं, ते युद्ध संपल्यावर रेडिओ सिलोनकडे आलं. लढाईनं मागं टाकलेल्या बराकींत राहणारी माणसं लढाईनं मागं टाकलेल्या केंद्रावरून गाणी ऐकत होती. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते यालाच, नाही का?

वर्षांची उतरंड

बारा महिन्यांच्या शेवटी वार्षिक गीतमाला लागे. त्या वर्षाचं अव्वल गाणं कुठलं, यावर पैजा लागत. या वार्षिक याद्या आज ऐकल्या तर काय होतं? गाणं तर ऐकू येतंच, पण त्या साली आपण कुठं होतो तेही आठवत जातं.

१९६६ चं पहिलं गाणं 'सूरज'मधलं, महंमद रफींचं. बँडवाले वरातीत ते वाजवतात ना, तेच. कित्येकींनी सासरचा उंबरा त्याच सुरांवर ओलांडला. १९६७ ला 'मिलन'मधलं मुकेश-लतादीदींचं श्रावणाचं गाणं, १९७० ला 'दो रास्ते'मधलं बिंदीचं. आणि १९७५ चं पहिलं गाणं ठाऊक आहे का? 'रोटी, कपडा और मकान'मधलं महागाईचं! प्रेम नाही, विरह नाही, चक्क महागाई. १९७२ चा दुष्काळ, रेशनची लाल ज्वारी, १९७४ च्या मे महिन्यातला रेल्वेचा संप, रॉकेलच्या रांगा, हे ज्यांनी सोसलं त्यांना ते गाणं पहिलं का आलं हे सांगायला नको. आपल्या लोकल लाइनीवर तर संपात आडवी-उभी सगळी घडीच विसकटली होती.

ओळखीतल्या बदलापूरच्या एक आजी आहेत. नातवंडांनी 'जुन्या काळचं काही सांग' म्हटलं की त्या म्हणायच्या, 'माझं काय मेलं सांगण्यासारखं!' सुनेनं त्यांना १९७४ ची यादी लावून दिली. 'कोरा कागज'चं गाणं लागलं आणि आजी बोलायला लागल्या. त्या साली शिवणाचा क्लास लावला होता, पुढे दिवस गेले आणि तो सुटला, मशीन घ्यायचं राहूनच गेलं... सुनेला लग्नाला सतरा वर्षं झाली होती. सासूबाईंना शिवण येतं हे तिला त्या दिवशी कळलं.

प्रत्येक घरात अशी एखादी गोष्ट पडून असते. सरळ विचारलं तर निघत नाही. गाण्यानं निघते.

आता ऐकायचं कसं?

रेडिओ सिलोनवरून १९८० च्या दशकाच्या अखेरपर्यंत आणि मग विविध भारतीवरून १९९४ पर्यंत हा कार्यक्रम नावं बदलत चालला. पुढेही २००० नंतर काही वर्षं तो परत आला होता. अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी गेले. दर बुधवारचे मूळ कार्यक्रम काही सगळे मिळत नाहीत. पण सयानींनी स्वतः जुन्या याद्या घेऊन, आठवणी सांगत, 'गीतमाला की छाँव में' ही ध्वनिमालिका केली. 'सारेगामा'नं २०१७ मध्ये आणलेल्या कारवां या पाच हजार गाण्यांच्या रेडिओसारख्या पेटीतही त्यांच्या गीतमालेचा वेगळा भाग आहे. मोबाइलवरही पुष्कळ काही सापडतं, मुलांना सांगा शोधायला. ऐकताना मात्र या गोष्टी ध्यानात ठेवा.

१. एका बैठकीला एकच वर्ष. घाई नको. सुरुवात लग्नाच्या सालानं किंवा मुलाच्या जन्मसालानं करा.

२. वेळ अशी निवडा की चूल बंद आहे. नाहीतर पुन्हा तेच, गाणं बाहेर आणि बाई आत! एक बुधवार पोळी-भाजी आधी करून ठेवा, किंवा वाढायचं काम घरातल्या पुरुषमंडळींना द्या. त्यांनीही ती गाणी निवांत ऐकली आहेतच की इतकी वर्षं.

३. कमी ऐकू येत असेल तर नुसता आवाज वाढवू नका, कलकलाट होतो. पंखा, मिक्सर, टीव्ही बंद करा, पेटी चांगल्या कानाच्या बाजूला ठेवा आणि बास कमी करा. शब्द स्पष्ट होतात.

४. जवळ वही ठेवा. साल लिहा, गाणं लिहा आणि त्यावर आजी काय बोलली ते तिच्याच शब्दांत लिहा. दुरुस्त करायला जाऊ नका.

५. विसराळूपणा आलेल्या माणसालाही जुनं गाणं ओळखू येतं, असा पुष्कळांचा अनुभव आहे. मात्र 'हे कोणतं, सांग बरं?' अशी परीक्षा घेऊ नका. आणि एखाद्या गाण्यानं डोळ्यांत पाणी आलं, तर लगेच बंदही करू नका. हात धरून बसा.

६. घरात जुन्या कॅसेट असतील तर त्या एकदम लावू नका. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती खराब होतेच, यंत्रालाही लागते. कॅसेट चांगली असेल तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि मागे गुंडाळून घ्या. टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटच्या कापसानं पुसा. आपल्याकडे पावसाळ्याची ओल फार, तेव्हा डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून, घट्ट झाकून, वरच्या फळीवर ठेवा. २६ जुलै २००५ ला नदीचं पाणी बदलापुरात शिरलं, तेव्हा खालच्या कपाटातलं काय काय गेलं ते लोक अजून सांगतात. हातून जमेल तेवढ्या कॅसेट मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

७. माळ्यावरचा व्हॉल्व्हचा रेडिओ बऱ्याच वर्षांनी थेट विजेवर लावू नका. आतले भाग जुने झालेले असतात, धूर निघायला वेळ लागत नाही. आधी जाणकार कारागिराला दाखवा. ट्रान्झिस्टर ठेवून द्यायचा असेल तर त्यातले सेल काढून ठेवा.

शेवटची गोष्ट सर्वांत सोपी. साऱ्या याद्या ऐकून झाल्या की घरातल्या बाईला तिची स्वतःची यादी करायला सांगा. दहा गाणी, तिच्या क्रमानं. ना दुकानाचा खप, ना संघाचं मत. हिंदीच हवीत असंही नाही. 'आपली आवड'मधलं एखादं मराठी गाणं असेल, 'गीत रामायणा'तलं असेल, ओवीसुद्धा चालेल. पहिल्या नंबरवर कोणतं आणि का, हे तिनं सांगायचं आणि बाकीच्यांनी मुकाट्यानं ऐकायचं. इतक्या वर्षांनी का होईना, तिचं मत मोजलं गेलं पाहिजे.