खिद्रापूरचा कोपेश्वर

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी खिद्रापूर आहे. पलीकडच्या तीरावर कर्नाटक. नृसिंहवाडी आणि कुरुंदवाडमार्गे येणारा रस्ता उसाच्या फडांतून थेट गावात शिरतो आणि घरांच्या दाटीतच कोपेश्वराचे काळ्या दगडातले मंदिर उभे दिसते.

हे शिलाहारांच्या काळातले, बाराव्या शतकातले काम. पुढे देवगिरीच्या यादवांनीही त्याकडे लक्ष दिले. दक्षिण दाराजवळच्या संस्कृत शिलालेखात सिंघण यादवाने देवाला गाव दान दिल्याची नोंद असून त्यावर शके ११३६ असा काल आहे.

दर्शनी भागातला स्वर्गमंडप हे या मंदिराचे वैभव. ४८ खांबांच्या या मंडपाला मध्यभागी छतच नाही. तिथे सुमारे 13 फूट व्यासाचे गोल गवाक्ष आहे आणि बरोबर त्याच्या खाली तेवढीच गोल शिळा. होमाचा धूर वर जावा म्हणून ही रचना केली, असे सांगतात. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री चंद्र या गवाक्षावर येतो, तो पाहायला आता मोठी गर्दी लोटते. मात्र खांबांची घडण न्याहाळायची तर दिवसाउजेडीच यावे. चरकावर उतरवल्यासारखी त्यांची वर्तुळे तेव्हाच नीट दिसतात. इथून सभामंडपात, तिथून गाभाऱ्याकडे जाताना उजेड पायरीपायरीने कमी होत जातो.

गाभाऱ्यात दोन लिंगे आहेत. दक्षाच्या यज्ञात सतीने देह टाकल्यावर कोपलेला शिव तो कोपेश्वर आणि त्याची समजूत काढणारा विष्णू तो धोपेश्वर. शिवमंदिर असूनही समोर नंदी नाही. सती माहेरी गेली ती नंदीवर बसून, म्हणून तो नदीपलीकडे यडूरला, अशी लोककथा आहे.

बाहेरच्या भिंतीला पायाशी गजपट्ट आहे. ९२ हत्तींनी मंदिराचा भार पाठीवर तोलला आहे, असे वाटते. बहुतेकांच्या सोंडा तुटलेल्या आहेत. वरच्या थरांत देवदेवता, सुरसुंदरी, वादक यांची रेलचेल. ती पाहायला प्रदक्षिणा सावकाशच घालावी लागते.

गावातच एक जुने जैन मंदिरही आहे. २०१९च्या महापुरात कृष्णेचे पाणी कोपेश्वराच्या आवारात शिरले होते, त्यामुळे पावसाळ्यात निघण्यापूर्वी नदीच्या पातळीची चौकशी केलेली बरी.